खिंडीतला दगड

आई,

नमस्कार. मी धडधाकट आहे, जेवण पोटभर मिळतंय.

तुझं गुडघ्याचं दुखणं खिंडीतच राहावं म्हणून तू दिलेला अंगणातला पांढऱ्या रेघेचा दगड मी तिथल्या दगडांच्या राशीवर ठेवला होता. आज इंकांच्या पडक्या देवळापाशी एका पर्यटकानं आपल्या पिशवीतून तोच काढून मिरवला. म्हणे, आठवण! आणि ती पिशवी खिंडीपासून माझ्याच पाठीवर! तुझं दुखणं मीच खाली वाहून आणलं, आई.

दगड हिसकावला. आम्हा हमालांचा मुकादम रुफिनो ओरडला, “एका धोंड्यापायी काम घालवतोस?”

म्हटलं, “तुझ्या आईचे गुडघे धड आहेत ना? मग गप बस!”

काम गेलं. उद्या पुन्हा खिंड चढतोय. खरं सांग, ठणका वाढलाय का गं?

तुझाच,
सातुर्निनो