मादाम ओदिलचे गुरुवार

८ जून १९४४, गुरुवार. दुपारी चार.
परवा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर इंग्रज-अमेरिकन उतरले म्हणे. उतरोत. अकरा वर्षांत माझी गुरुवारची मेजवानी एकदाही चुकलेली नाही, आणि तो किनारा पॅरिसपासून चांगला लांब आहे. चौदा पाहुणे बोलावलेत.
संकल्प: टेबलावर 'युद्ध' हा शब्द काढायचा नाही.

९ जून. सकाळी.
नऊच आले. उरलेल्या पाचांना एकदमच सर्दी झाली. जूनमध्ये! हवा बिघडलीय, दुसरं काय.
कर्नल रीडमाट मात्र लोण्याचा डबा घेऊन अगदी वेळेवर. लोक कुजबुजतात, जर्मन अधिकाऱ्याला जेवायला कशाला बोलावते. अहो, त्याला काटे-चमचे धरायला मी शिकवलं. या शहरात संस्कृती टिकवायचं काम कुणीतरी करायला हवं ना?

१३ जून.
टपालानं वीतभर लांब काळी लाकडी पेटी आली. झाकणावर माझं नाव, फार सुबक कोरलेलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. कुणीतरी लाजाळू चाहता. मी आत केसांच्या पिना ठेवल्या.
स्वयंपाकीण युर्सूल पांढरीफटक पडली. म्हणाली, "बाईसाहेब, ही शवपेटी आहे. जर्मनांशी सलगी करणाऱ्यांना पाठवतात."
म्हटलं, "एवढ्याशा पेटीत मी मावेन का? काहीतरीच तुझं!"
जेवण गेलं नाही. उकाडा फार.

१६ जून.
काल गंमत म्हणून कर्नलला पेटी दाखवली. तो हसला नाही. उलटीसुलटी करत विचारलं, या इमारतीत लाकूडकाम कोण करतं?
सगळे गप्प. चमचेसुद्धा थांबले. अशा वेळी यजमानणीनंच काहीतरी बोलायचं असतं. मी म्हटलं, पाचव्या मजल्यावर मस्यू गातिनो आहेत, व्हायोलिनं बनवतात, फार सज्जन. कर्नलनं नाव वहीत टिपून घेतलं. व्हायोलिन घ्यायचं असेल.

१७ जून. सकाळी सात.
जिन्यात बुटांचे आवाज. पाचव्यापर्यंत गेले. उतरताना एक माणूस जास्त होता, आणि तो अनवाणी होता. कानावर उशी घेतली. झोप मोडली की माझा चेहरा सुजतो.

त्याच दिवशी, दुपारी.
गातिनोंची बायको नोएमी आली. हातात त्यांचा चष्मा. तोही घेऊ दिला नाही म्हणे. "मादाम, तो कर्नल तुमच्याकडे जेवतो ना? त्याच्या कानावर एक शब्द घाला. मी तुमचे पाय धरते."
मी तिचे हात हातात घेतले. म्हटलं, गुरुवारी विचारतेच. वचन देताना मी फार छान दिसत असणार.

२३ जून.
काल विचारणारच होते. पण सूपच्या वेळी तो खुशीत होता, म्हटलं मूड कशाला घालवा. मासे येईपर्यंत त्याची खुशी गेली होती, मग तर विचारणं शक्यच नव्हतं.
नोएमीला सांगितलं, चौकशी चालू आहे. ती वकिलाकडे, बिशपकडे जाणार होती. म्हटलं, "थांबा हो, उगाच गवगवा नको. माझ्यावर सोडा."
संकल्प: पुढच्या गुरुवारी नक्की. सूपच्या आधी.

२१ जुलै.
आणखी चार गुरुवार गेले. काल पाहुणे तीन. कर्नल सारखा दाराकडे बघत होता. अशा माणसाला काय विचारणार?
नोएमी रोज जिन्यात उभी असते. "काही कळलं?" "चौकशी चालू आहे." हल्ली मी मागच्या जिन्यानं जाते. तिथला मंद उजेड त्वचेला बरा.

१७ ऑगस्ट, गुरुवार.
कर्नल आला नाही. फोन कुणी उचलत नाही. रस्त्यावर लष्करी ट्रकच ट्रक, सगळे पूर्वेकडे. निरोप न घेता जाणं हे वाईट वळण.
युर्सूलनं अॅप्रन काढून खुंटीला लावला. "बाईसाहेब, तुम्हीही निघा. लोकांनी यादी केलीय. तुमचं नाव आहे."
म्हटलं, पॅरिसमधली कुठली यादी माझ्याविना झालीय? ती गेली.

२७ ऑगस्ट.
शहर मुक्त झालं! घंटा वाजताहेत. येत्या गुरुवारी अमेरिकन अधिकाऱ्यांना मेजवानी. वीस आमंत्रणं स्वतः लिहिली.
खिडकीखाली गर्दीनं 'जर्मनांची मैत्रीण' असं ओरडत एका बाईला खुर्चीवर बसवून तिचं डोकं भादरलं. ती ओरडत नव्हती. बिचारीनं काहीतरी केलं असेल. मी पडदे ओढून इंग्रजीची उजळणी केली.

३१ ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळी सहा.
एकच पाहुणी आली. नोएमी. न बोलावलेली. मी स्वतः बटाटे उकडले होते, तिनं हात लावला नाही.
म्हणाली, "तुरुंगाचं रजिस्टर आज बघायला मिळालं. त्यांना चोवीस जूनलाच गोळी घातली. मग इतके आठवडे कसली चौकशी चालू होती, मादाम?"
उत्तरं खूप सुचली, सगळी ऐकायला छान. तोंडातून निघालं, "मी विचारलंच नाही. एकदाही नाही."
"आणि त्यांचं नाव कुणी दिलं?"
"मी."
ती रडली नाही. खाली दोन माणसं थांबलीत, दंडावर जर्मनांविरुद्ध लढणाऱ्यांच्या पट्ट्या बांधलेली. हे लिहायला मी दोन मिनिटं मागून घेतली. "अंगावर कोट घ्या," ती दारातून म्हणतेय, "त्या कोठड्या उन्हाळ्यातही गार असतात."
कोणता घ्यावा, मला सुचत नाहीये.