सूनबाईंची उशीबंदी

आदरणीय व्याहीबुवा,

तुम्हा उभयतांना मनापासून नमस्कार. तुमचा डावा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि विहीणबाईंचा खोकला गेला का, ते सवडीने कळवावं. इकडे सगळे ठीक. माझा रक्तदाब आटोक्यात होता, तो परवा थोडा सुटला, पण त्याचं कारण पुढे येईलच. फोन सोडून पत्र लिहायचं कारण असं, की फोनवर बोलायला लागलो की तुमची कन्या ओठांवर बोट ठेवून समोर उभी राहते (‘बाबा, बाळं झोपलीत’), आणि कुजबुजत तक्रार करायला मला जमत नाही. तक्रार कशी खणखणीत करावी लागते. त्यात ती तुमच्याच कन्येविरुद्ध, म्हणजे आमच्या सूनबाईविरुद्ध असल्यामुळे तिच्यासमोर करण्यात अर्थही नाही.

सूनबाईने आमच्या पुढच्या खोलीत पाळणाघर काढलं ते तुम्हाला माहीत आहेच. मी आयुष्यभर गाद्या-उशा भरल्या. (आमच्याकडे आलात की ज्या गादीवर तुम्ही दुपारभर घोरता ती माझ्याच हातची.) चिरंजीवांनी दुकानात रस घेतला नाही, ते चष्मे विकतात, म्हणून दुकान बंद करून मी घरी बसलो. हात मात्र बसायला तयार नव्हते. त्यामुळे खोलीत तीन छोटे पाळणे आले (झुलणारे नव्हेत, चार पायांवर ठाम उभे, चारी बाजूंनी लाकडी गज असलेले), तेव्हा मला वाटलं, चला, आपली विद्या कामी आली. मी प्रत्येक पाळण्यासाठी एक उशी, दोन लोड, एक दुलई आणि गजांवर डोकं आपटू नये म्हणून आतून बांधायची कापूस भरलेली झालर असा सरंजाम शिवला. जीव ओतून शिवला. सूनबाईने सगळं हातात घेऊन पाहिलं, ‘बाबा, किती सुंदर झालंय!’ म्हणाली, आणि सगळं उचलून कपाटावर ठेवून दिलं. (तुमच्या मुलीचं हे एक आहे. ती आधी कौतुक करते आणि मग कृती करते. घरचं वळण असावं.)

मग मला नियम कळले. बाळाला झोपवायचं ते पाठीवरच, पालथं नाही, कुशीवर नाही. ते आपलं आपण दोन्हीकडे वळायला शिकलं की मग वळलं तर वळू द्यायचं, पण ठेवताना पाठीवरच. गादी कडक. चादर ताणून बसवलेली. आणि पाळण्यात बाळाखेरीज काही म्हणजे काही नाही. उशी नाही, लोड नाही, पांघरूण नाही, कापडी ससासुद्धा नाही. व्याहीबुवा, कैद्याला कोठडीत निदान घोंगडी देतात! थंडी वाजली तर काय, असं मी विचारलं. त्यावर तिने चेन असलेलं, पिशवीसारखं एक बिनबाह्यांचं झबलं दाखवलं, जे तोंडावर सरकत नाही. पाठीवर झोपलेल्या बाळाने दूध उलटून काढलं तर ते घशात अडकेल, हा मुद्दा मी मोठ्या विश्वासाने काढला. तिने शांतपणे समजावलं की पाठीवर असताना श्वासाची नळी वर असते आणि अन्नाची खाली, त्यामुळे उलट पाठीवरच धोका कमी. मी चहा मागितला.

आता गिऱ्हाइकं. (सूनबाईला हा शब्द आवडत नाही.) एक चंबू, सगळ्यांत लहान. एक पंखा, कारण तो जागेपणी पंख्याकडे बघतो आणि झोपेत बहुधा त्याचीच स्वप्नं पाहतो. आणि एक राणीसरकार. या राणीसरकार गाडीतल्या खुर्चीत झोपी जातात आणि त्यांचे वडील ती खुर्ची तशीच, सुरुंग उचलल्यासारखी, चवड्यांवर चालत आत आणतात. त्यांचा चेहरा इतका काकुळतीला आलेला असतो की दगडालाही दया यावी. सूनबाईला येत नाही. ती राणीसरकारांना खुर्चीतून काढून पाळण्यात ठेवते, राणीसरकार जाग्या होऊन गल्ली डोक्यावर घेतात, आणि वडील कामावर पळ काढतात. बसल्या बसल्या झोपलेल्या बाळाची मान छातीवर पडते आणि श्वास कोंडतो, म्हणून ही सक्ती. शिवाय बाळं झोपली की ही बाई स्वतः विश्रांती घेईल म्हणाल तर तेही नाही. दर थोड्या वेळाने जाऊन प्रत्येकाची छाती वर-खाली होते का ते डोळ्यांनी बघते. मी दाराशी बसून ऐकतो की, असं म्हटलं, तर म्हणाली, ‘ऐकून कळत नाही बाबा, बघावंच लागतं.’

हे सगळं मी सहन केलं. पण चंबूची गादी मला पाहवेना. हात टेकला तर पाट! एवढासा जीव आणि त्याच्याखाली पाट! परवा सकाळी सूनबाई दूध गरम करत होती, तेवढ्यात मी ती गादी काढून माळ्यावर टाकली आणि तिथे माझी नवी, सावरीच्या कापसाची, लोण्यासारखी गादी घालून वर चादर बसवली. पाळणाघराची तपासणी करणाऱ्या बाई त्या आठवड्यात केव्हाही येणार होत्या, आणि परवाना पुढे चालू राहायचा की नाही ते त्यांच्या हातात होतं. मला वाटलं, बाईही खूश होतील.

सूनबाई चंबूला घेऊन आली. ठेवण्याआधी तिने नेहमीप्रमाणे तळहात गादीवर दाबला आणि तो आत गेला. तिने चंबूला परत खांद्यावर घेतलं. ती चिडली असती तर मी दुप्पट चिडलो असतो आणि प्रकरण मिटलं असतं. पण ती एवढंच म्हणाली, ‘बाबा, गादी तुम्ही केलीत ना? मग हिच्यात तोंड खाली करून थोडा वेळ राहून दाखवा. हात न लावता.’

आता हे धंद्याला आव्हान झालं. मी गादी जमिनीवर टाकली, चष्मा काढला, गुडघ्यांवर बसलो आणि तोंड गादीत घातलं. (सुनेच्या कामात नाक खुपसणारे सासरे पुष्कळ असतील, पण इतकं शब्दशः खुपसणारा मीच.) पहिल्यांदा नव्या कापसाचा छान वास आला. मग माझाच श्वास गरम होऊन माझ्याकडे परत यायला लागला. मग कापड नाकाशी चिकटलं. मी मान डावीकडे वळवली तर खड्डाही माझ्याबरोबर डावीकडे आला, उजवीकडे वळवली तर उजवीकडे. मऊपणाची हीच तर माझी ख्याती होती, व्याहीबुवा, की गादी माणसाला धरून ठेवते. तिने मला धरून ठेवलं. शेवटी मी हात टेकले. मला हात टेकता आले. चंबूला अजून स्वतःची मानसुद्धा नीट उचलता येत नाही.

हा विचार मी गादीतच करत होतो आणि नेमक्या त्याच क्षणी तपासणीच्या बाई आत आल्या. त्यांना दिसलं ते असं: खोलीच्या मध्यभागी एक म्हातारा, डोकं गादीत आणि बाकीचा देह वर. बाईंनी पर्स फेकली, माझ्या काखांत हात घालून मला मागे खेचलं आणि उताणं झोपवलं. (नियमाप्रमाणे पाठीवर. आजूबाजूला उशी नाही याचीही खात्री करून घेतली.) कापसाने मला शिंकांवर शिंका येत होत्या. तुम्ही कोण, असं त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या आणि मला ‘गादी... गादी...’ एवढंच म्हणता येत होतं. त्यांना वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. शेवटी सूनबाईने सांगितलं, ‘सासरे आहेत. बरे आहेत.’

मग बाईंनी गादी दाबून पाहिली. पंजाचा ठसा तसाच राहिला. त्यांनी सूनबाईकडे पाहिलं आणि विचारलं, ‘ही पाळण्यात होती?’

व्याहीबुवा, तिला माझं नाव सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही. ‘हो. पण मी बाळाला तिच्यावर ठेवलं नाही,’ एवढंच बोलली आणि चंबूच्या पाठीवर थोपटत राहिली. तिच्या कष्टाची पै न् पै या खोलीत आहे हे मला ठाऊक आहे. मी पडल्या जागेवरूनच सांगितलं, ‘मी घातली. तिला न विचारता. आणि आता मीच बाहेर नेतो.’ आणि नेली.

पुढे बाईंनी सगळं पाहिलं. कडक गादी माळ्यावरून खाली आली, तिच्या आणि गजांच्या मध्ये दोन बोटं जातात का ते पाहिलं (गेली नाहीत), बाळाचं डोकं अडकायला नको म्हणून दोन गजांमधून कोल्ड्रिंकचा डबा आरपार जातो का ते पाहिलं (गेला नाही). पंख्याच्या पाळण्याजवळ पडद्याची दोरी लोंबत होती, ती बाळाच्या गळ्यात अडकू शकते म्हणाल्या. मी पडदाच उतरवला. तेवढ्यात चंबू त्या पाटावर, पाठीवर, दोन्ही हात डोक्याशी टाकून असा गाढ झोपला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परवाना कायम झाला. शेरा एकच: ‘घरातील इतर व्यक्तींना नियम समजावून द्यावेत.’ इतर व्यक्ती म्हणजे मी. चिरंजीव दिवसभर चष्म्यांच्या दुकानात असतात.

तर आता मी पाळण्याच्या चादरी शिवतो. ढोलकीसारख्या ताणून बसतात. सूनबाई स्वयंपाकघरात गेली की खुर्ची ओढून मी पाळण्यांशी बसतो आणि तीन छात्या वर-खाली होताना बघतो. काम म्हटलं तर काहीच नाही, पण डोळा हलवायची सोय नाही. तक्रार होती ती ही. लिहून झाल्यावर तिच्यात फारसा दम दिसत नाही, तरी लिहिलीच आहे तर पाठवतो.

प्रकृतीला जपा. विहीणबाईंना नमस्कार.

आपला व्याही
(माजी गादीवाला, हल्ली इतर व्यक्ती)

ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहिलंच. आपण दोघे आजोबा होणार ही बातमी सूनबाईने तुम्हाला कळवलीच आहे. त्यानंतर विहीणबाईंचा मला फोन आला होता. नातवंडासाठी उशी, लोड आणि दुलई शिवायला घेत आहेत, मापं विचारत होत्या. मी त्यांना सगळं समजावून सांगणार होतो. मी मापं सांगितली. त्यांना नाही म्हणायला मला जमत नाही. तुम्हालाही जमत नसावं, पण तुमचा सराव मोठा. तेव्हा एवढं काम तुम्ही करा. माझं नाव मधे आणू नका. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा, ते खरंही आहे.

ता. ता. क. कापूस कोणता घ्यावा असंही त्यांनी विचारलं होतं. त्या भरात मी सावरीच्या कापसाचं एक पोतं तुमच्या पत्त्यावर रवाना केलं. ते या पत्राच्या आधी पोचेल. तुम्हीच दार उघडा. त्यांनी उघडलं असेल आणि उशी भरून झाली असेल, तर माय-लेकींपैकी कोणाला काय सांगायचं ते आपण आधी एकमेकांत ठरवू. तोवर फोन कुणीच उचलू नये.