हमीदाची मागची वाट

मंगळवार, दिवेलागण

आज मन खूश आहे. शेजारची हमीदा मागच्या वाटेने आली, नेहमीसारखी बसूनच पाणी प्यायली. इतकी वर्षं बघते, पण कारण आजच विचारलं. म्हणाली, "सुन्नत गो. पैगंबर तसेच पियत." सोबत आलेली तिची नात अरबी शिकते. ती म्हणाली, "आजी, सुन्नत म्हणजे मुळात चालून चालून पडलेली वाट. अरब लोक आधीपासून वाडवडलांच्या रीतीला हा शब्द वापरत. मग तो पैगंबरांच्या रीतीला लागला."

म्हणजे वाटच की. मी शाळेत गेले ती किती, पण हे लगेच कळलं.

माझा मुलगा बाबू उद्यापासून त्याच मागच्या वाटेवर कुंपणाची भिंत घालणार होता. कधीची सांगतेय, ऐकेना. आज हमीदासमोरच म्हटलं, "बाबू, ही वाट कोणी आखूक नाय, आमच्या पायांनी पडली. बुजवू नको."

हमीदा म्हणाली, "तुझी आजी पण हयसूनच आमच्याकडे येय रे. आणि भिंतीवरसून उडी मारूचा माझा वय ऱ्हवला नाय."

बाबू हसला. गवंड्याला फोन केला, "मागच्या वाटेर भिंतीत दार ठेवा."

दार किती रुंद, ते विचारायचं राहिलं. हमीदा हल्ली अंगानं जरा सुटलीय. सकाळी सांगायला हवं.