हात मागे

उधना, सुरत

प्रिय हर्षल,

'प्रिय' हे आपलं सवयीने लिहिलं. इतकी संतापलेय, की फोनवर तोंडाला येईल ते बोलले असते.

आपल्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग स्कूलच्या पन्नाशीची तू काढलेली फिल्म पाहिली. कॉलेजचा डायरेक्टर झाल्यापासून काय छान बोलतोस रे! जागतिक दर्जा काय, रोबो काय, काचेची इमारत काय! आणि मागांची शेड? तिला कुलूप. येत्या सोमवारी माग भंगारात, तिथे सेमिनार हॉल. अरे, कॉलेज सुरू झालं तेच त्या शेडमध्ये! बंद पडलेल्या मिलचे माग आधी आले, बाकं नंतर. परवा दसऱ्याला त्याच मागांना झेंडूचे हार घालून फोटो काढून घेतलेस. जनाची नाही तर मनाची तरी!

पंडित सरांच्या हाताखालचा पहिला महिना आठव. पुस्तक नाही की आकृती नाही. चालू मागासमोर हात पाठीमागे बांधून नुसतं उभं राहायचं, तुटलेला धागा कानाने ओळखायचा. तू शहाणपणा करून हात पुढे केलास, तेव्हा सरांनी मनगटावर अशी पट्टी हाणली, की पुढे कितीतरी दिवस डाव्या हाताने जेवत होतास. मी मेली हसत होते. सुरतेतल्या मिलवाले आपल्या पोरांना डोळे झाकून कामावर घेत, ते त्या महिन्यामुळे.

आता माझ्या बमरोलीच्या मिलमध्ये तुझी मुलं ट्रेनिंगला येतात. माग पाहिलेला फक्त स्क्रीनवर. हुशार आहेत, गोड आहेत आणि चालू मशीन्समधून घरात फिरावं तशी फिरतात. मी दिवसभर ओरडत असते, हात मागे, हात मागे! त्यांना गंमत वाटते.

मंगळवारी एकीला तुटलेला धागा दिसला आणि तिने सरळ हात घातला. मी धावत जाऊन मशीन बंद केलं, तोवर व्हायचं ते झालं होतं. करंगळी शिवली. वाकेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. दवाखान्यात पोर रडत एकच म्हणत होती, पप्पांना सांगू नका, त्यांचा कार्यक्रम आहे. म्हणून आजवर गप्प बसले. गायत्रीने तुला बोट दारात चेमटलं असं सांगितलंय ना? दारात नाही रे, मागात. तुझ्या लेकीला 'हात मागे' सांगणारं तुझ्या कॉलेजात कुणी उरलं नाही. तिला रागावू नकोस. शेडचं कुलूप काढ.

अजून तरी तुझीच मैत्रीण,
उज्ज्वला