पाठीवरचा डाग

माय, तुझ्या धाकट्याचं डोकं मी फोडलं. कुऱ्हाडीचा दांडा हाती लागला, त्यानंच हाणलं. पडल्यावरही हाणलं. बायकांनी ओढून बाजूला केलं नसतं तर आज तुला भलतंच काही लिहावं लागलं असतं.

चुडाव्याच्या ठेसनावर दोन कुटुंबं उतरली होती. त्यांच्याच गावानं घरं पेटवून त्यांना हाकललेलं. एका बाईचा नवरा तर तिच्या डोळ्यांदेखत ठेचून मारलेला, कडेवर तान्हं लेकरू. मी त्यांना आपल्या रानात जागा दिली, उसाचं वाळकं पाचट आणलं आणि ऊसतोडीवर तू बांधायचीस तशा कोप्या आम्ही मिळून बांधल्या. शेजारणींनी पीठ दिलं, गोधड्या दिल्या. धाकटा मात्र रोज दारात येऊन ओरडायचा, "अक्का, ह्यांच्यामागं ह्यांचे दुश्मन येतील. आपलं गाव जळंल. हाकल ह्यांना!" मी म्हणायची, "माज्या हिश्श्याचं रान हाय. तू कोण रे मुडद्या?"

परवा तो चार टवाळ घेऊन आला. हंगाम संपला की कोपी कशी मोडायची हे तूच त्याला शिकवलेलं. त्यानं आढ्याची दोरी कोयत्यानं तोडली, कोपी बसली. आत चूल पेटलेली होती, माय, शेजारी लेकरू निजलेलं. पाचट भडकलं. बाई किंचाळत आत घुसली आणि मला ती दिसेचना, तू दिसलीस. परमुलखातला तो ऊसतोडीचा फड. तिथल्या लोकांनी आपली कोपी अशीच पेटत्या चुलीवर पाडलीय, तू धुरातून तान्ह्या धाकट्याला ओढून काढतेस, त्याच्या पाठीची कातडी तुझ्या हाताला चिकटलीय. मी उसात लपून बघतेय.

आणि त्या डागाबद्दल त्याला जन्मभर सांगत राहिलीस, चहा सांडला होता. का गं? पोराच्या मनात विष नको म्हणून? बघ मग, काय झालं ते! खरं कळलं असतं तर त्याचा हात उठला असता का? हाणता हाणता मी बोंबलत होते, "चहा न्हवता रे, चहा न्हवता!" रक्तानं भरलेल्या तोंडानं तो नुसता बघत राहिला.

लेकरू वाचलं. परभणीच्या दवाखान्यात पालथं निजवलंय, पाठ सगळी भाजलीय. आज त्याच्या आईनं विचारलं, "अक्का, आमाला तर आता तुमच्याच गावात ऱ्हायचंय. मोठा झाल्यावर ह्यानं इचारलं तर काय सांगू?"

तुझ्यावर एवढी संतापले होते, माय. पण तोंडातून निघून गेलं, "सांग, चहा सांडला."