कलश अजून खुंटीलाच

दूधविनायक, काशी
२३ ऑगस्ट

ती. आईस,

पाया पडायला घरी येईन तेव्हा येईन, आज इथूनच पडतो.

फोनवर तुझा आवाज ऐकला की मी ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळा होतो, म्हणून लिहितोय. पत्राचा फोटो इरावतीच्या मोबाइलवर पाठवतो, ती तुला वाचून दाखवेल.

बिंदुमाधव गुरुजींच्या माडीवर मी अगदी कोरडा आहे. लीलाकाकू वेळेवर वरणभात वाढतात. बाबांच्या अस्थी मात्र अजून माझ्याजवळच आहेत. कलश जमिनीला टेकू दिलेला नाही, खुंटीला टांगलाय.

गंगेला पूर आलाय. घाट बुडाले, नावा बंद. पोलिसांची बोट दिवसभर भोंगा वाजवत फिरते, ‘पानी से दूर रहिए.’ काल एक नावाडी गुपचूप न्यायला तयार झाला. मी खुंटीवरून कलश काढलासुद्धा. तेवढ्यात भोंगा वाजला.

बाबांची तीस वर्षं धरणावर नोकरी, पाणी सोडण्याआधी भोंगा तेच वाजवायचे. तो ऐकूनही मी एकदा नदीत उतरलो होतो, आठवतं? मारलं नाही त्यांनी, पण आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

तुझा हट्ट मध्यधारेचा, आणि मी हो म्हणून बसलो. विसर्जनाशिवाय परतताही येत नाही. गुरुजी म्हणतात, गंगा गल्लीच्या पायरीपर्यंत आलीय, तिथेच सोडा.

गुडघ्याला तेल लावतेस ना?

आई, भोंगा वाजत असताना बाबांना मी पाण्यात कसं नेऊ? पायरीवर चालेल, एवढं म्हण.

खुंटीखाली बसलेला,
तुझा सुमंत