चक्कीमागची खोली

मी, मैनाबाई पुंजाराम गावंडे, वय कागदावर एकाहत्तर, धंदा पिठाची चक्की, राहणार दर्यापूर, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. तब्येत बरी आहे, डोकं जागेवर आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी हात धरून लिहवून घेतलेलं नाही. हात धरून लिहायला मला कधी कोणी शिकवलंच नाही. मी शाळेत गेले नाही. लग्नानंतर चक्कीवर बसले आणि गिऱ्हाइकांच्या डब्यांवर कोरलेली नावं पाहत अक्षरं ओळखायला लागले. डबा कोणाचा ते माहीत असायचं, त्यावरून अक्षर कळायचं. वकील भाषा सुधारून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

माझे यजमान पुंजाराम तीन वर्षांमागे वारले. चक्की, चक्कीमागची मोठी खोली, वरचं राहतं घर आणि अकोट रस्त्यावरचं शेत त्यांनी जिवंतपणीच माझ्या नावावर करून दिलं होतं. त्याची व्यवस्था माझ्यामागे अशी व्हावी.

१. शेत आणि वरचं घर माझा मुलगा धर्मेंद्र याला. तो नागपूरला नोकरीत आहे, त्याचं बरं चाललं आहे. माझे सोन्याचे डाग सुनेला.

२. चक्की आणि तिच्यामागची खोली धर्मेंद्रला नाही. ती या खोलीत चालणाऱ्या अभ्यासिकेच्या नोंदणी केलेल्या मंडळाला. कारण लिहिते, म्हणजे पुढे कोणी म्हणणार नाही की म्हातारीचे कान भरले.

दळण घेऊन पोरं यायची. डबे रांगेत ठेवायचे आणि नंबर लागेपर्यंत पोत्यांवर बसून शाळेचा अभ्यास करायचा. भीमनगरची माया खंडारे दळण झालं तरी उठायची नाही. घरी एकच खोली, त्यात सात माणसं. तिची आई पार्बताबाई मजुरीला जायची. यजमानांनी मागच्या खोलीतली पोती हलवली, बल्ब लावला आणि म्हणाले, "बस इथं. फक्त पिठानं पांढरी झाली तं मले बोल लावजो नको." माया आज तलाठी आहे. तिच्यामागे किती पोरं आली, ते मी मोजलं नाही.

दिवाळीत धर्मेंद्र म्हणाला, "आई, खोली पाडून गाळे काढू. तू गेल्यावर कोन पाह्यन हे सारं?"

मी म्हटलं, "तू बी त्याच खोलीत बसून पास झाला ना बाप्पा?"

"तवा मी एकटा थोडाच होतो!"

"तेच तं म्हनून राहिली मी."

तो गाळ्यांचा नकाशा उचलून गाडीत घेऊन गेला. म्हणून लिहिते. खोलीबद्दल त्याने कोर्टात हरकत घेतली, तर शेतही मंडळाचं होईल. बाळा, मी रागाने लिहीत नाही. तुला ओळखते म्हणून लिहिते.

३. खोली चालवण्याचा भार मायावर. चक्की आमच्याकडे कामाला असलेल्या पिंटूने चालवावी, तो असेपर्यंत त्याला काढू नये. चक्कीचा दगड झिजला की त्याला टाकी लावायची यजमानांची हत्यारं त्याचीच. मिळकतीतून पिंटूचा पगार, लाइट आणि पुस्तकं भागतात, आजवर भागली.

खोलीत फी घ्यायची नाही. मार्क विचारायचे नाहीत. दहावी नापास झालेल्या पोराला तर आधी आत घ्यावं, त्याला घरी कोणी सुखाने बसू देत नाही. धारणीकडच्या मुली इथे कॉलेजला आहेत, त्यांची एसटी चुकली की त्या रात्री इथेच झोपतात. गोदड्या माझ्या पेटीत आहेत. शनिवारी माया दाखल्यांचे आणि स्कॉलरशिपचे कागद पाहते, ते चालू ठेवावं. रविवारी दुपारी बाया पेपर वाचायला आणि सही शिकायला बसतात, तेव्हा पोरांनी खोली सोडावी. कुरकुर करू नये, त्या तुमच्याच आया आहेत.

जागा कोणाची राखून ठेवायची नाही. पंख्याखाली जो आधी येईल तो बसेल.

४. हा नियम चक्कीचा आहे. आमचे शेजारी महादेवराव एकदा आपला डबा पुढे सरकवत म्हणाले होते, "पुंजाराम, भीमनगरच्या डब्यायच्या आधी माह्यं दळून दे." त्यांना आपलं पीठ बाटवायचं नव्हतं. दळणाऱ्याला एक गोष्ट माहीत असते. मागच्या गिऱ्हाइकाचं मूठभर पीठ चक्कीत राहतं आणि पुढच्याच्या डब्यात जातं. यजमान हात न थांबवता म्हणाले, "महादेवराव, इतके वर्स तुमी त्यायच्याच पिठाची पोळी खाऊन राहिले. तब्येत तं चांगली झाली तुमची." सगळी रांग हसली. महादेवराव महिनाभर दुसऱ्या चक्कीवर गेले आणि परत आले. तिथे पीठ जाड यायचं.

गेल्या साली त्यांनी आपल्या मुलाच्या शिकवणी वर्गासाठी खोली भाड्याने मागितली. म्हणाले, "वहिनी, फुकटाले किंमत नसते."

मी म्हटलं, "मंग नातीले कावून पाठोता रोज?" त्यांच्या घरी चार खोल्या आहेत, तरी प्राजक्ता इथेच येते. तिला एकटीने अभ्यास होत नाही.

सबब, खोली कोणत्याही शिकवणी वर्गाला भाड्याने देऊ नये. महादेवरावांना मी या मृत्युपत्रात काहीच देत नाही. वकील म्हणाले, साक्षीदार असा पाहा, ज्याला काही मिळत नाही. तेव्हा त्यांनाच बोलावलं आहे.

५. यजमानांचा चक्कीवरचा सदरा खुंटीला आहे. मी तो धुतलेला नाही. झटकला की अजून पीठ निघतं. तो कोणाला द्यायचा नाही, माझ्यासोबत सरणावर ठेवावा. तेरवीला जेवणावळ करू नये. तो खर्च खोलीत दुसरा पंखा लावायला घालावा. चक्की त्या दिवशीही बंद ठेवू नये, लोकांच्या घरी पीठ लागतं.

खालच्या ओळी साक्षीदार आल्यावर लिहिते आहे, सह्यांचं पान वेगळं आहे. पार्बताबाई आधी आली. मागून महादेवराव आले आणि खिशातला पेन काढून म्हणाले, "आना वहिनी, पहिली सही मी करतो. तिले टाइम लागन."

पार्बताबाई म्हणाली, "लागू द्या भाऊ. नंबर माह्या हाय."

महादेवरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या खोलीच्या दाराकडे. प्राजक्ता पुस्तक घेऊन दारात उभी होती. त्यांनी पेन पार्बताबाईला दिला आणि स्टुलावर बसले. ती रविवारी शिकलेली सही सावकाश करते आहे. तोवर आम्ही थांबलो आहोत.

सही : मैनाबाई पुंजाराम गावंडे

आम्हा दोघांसमक्ष मैनाबाईंनी सही केली आणि त्यांच्यासमक्ष आम्ही केली :
१. पार्बताबाई खंडारे, भीमनगर
२. महादेवराव बोंडे, शेजारी

दर्यापूर, दि. ९ मार्च २०२५, रविवार